कवळीवाल्याने फोन गप्प केला

मी कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून मापं येतात, त्यांत मी प्लॅस्टर ओततो, त्या साच्यावर मेणात दात बसवतो, मग मेण काढून हिरड्यांच्या जागी गुलाबी मसाला भरतो आणि घासूनपुसून माल परत पाठवतो. जुनी गिऱ्हाइकं मात्र डॉक्टरला वळसा घालून थेट माझ्याकडे येतात. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. त्यात एक टेबल, एक घासायची मोटर, एक बाक आणि एक जाड पडदा. पडदा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण माझ्या धंद्यात माल दिसला की धंदा बसतो. जी आहे हे कोणाला कळत नाही ती चांगली कवळी, आणि ज्याला रस्त्यात कोणी ओळख दाखवत नाही तो चांगला कवळीवाला. या हिशेबाने माझं फार चांगलं चाललं होतं. बाजारात मला पाहून भली भली माणसं पलीकडच्या फुटपाथवर जायची आणि माझी छाती अभिमानाने फुगायची.

माझ्या पोटात गोष्ट राहते, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे. बायको म्हणायची, ज्याच्या पोटात गोष्ट राहते त्याला ते सांगत फिरावं लागत नाही. तिचं काम घरभाड्याचे करारनामे टाइप करण्याचं. त्यामुळे तिला प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे. साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा ती वाचते. मी नुसता साबण लावतो.

माझं दुखणं होतं फोन. प्लॅस्टर कालवलं की ते कोणाची वाट पाहत नाही. माप हातात धरून खालून हळूहळू टकटक करत हवेचे बुडबुडे काढावे लागतात, आणि एक जरी राहिला तरी साच्यात तिथे खड्डा पडतो आणि कवळीवर त्याच जागी गाठ येते. नेमक्या त्याच वेळी फोन वाजायचा. कर्ज हवंय का, विमा हवाय का, शहराबाहेर जमीन हवीय का. गिऱ्हाईक कोणत्या नंबरवरून फोन करेल याचा नेम नाही, म्हणून उचलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पांढऱ्या बोटांनी मी फोन कानाला लावायचो आणि इकडे प्लॅस्टर दगड व्हायचं. एकदा तर जमीन विकणाऱ्या मुलीशी मी इतका वेळ भांडलो की चमचा वाटीतच चिकटला. ती वाटी अजून चमच्यासकट टेबलावर आहे, पेपर उडू नयेत म्हणून वापरतो.

शेवटी मी नको ते फोन अडवणारं ॲप घ्यायचं ठरवलं. बायकोला न विचारता, कारण विचारलं असतं तर तिने वाचलं असतं. ज्याच्याखाली सगळ्यांत जास्त चांदण्या होत्या आणि जे फुकट होतं ते घेतलं. फुकट ते पौष्टिक, हे आमच्या घराण्याचं तत्त्वज्ञान. ॲपने विचारलं, तुमची नावं-नंबरांची यादी पाहू का? मी म्हटलं हो. कोणाशी कधी बोलता ते पाहू का? हो. मेसेज वाचू का? हो. कुठे असता ते पाहू का? हो बाबा, पाहा. मी लग्नातही इतक्यांदा हो म्हटलं नव्हतं.

आणि काय सांगू, सुख झालं. फोन वाजला की फोनचा पडदा लाल व्हायचा आणि त्यावर लिहून यायचं, ‘कर्जवाले’. अनोळखी माणसाचं नावसुद्धा यायचं. याला कसं बरं कळतं, म्हणून मी कौतुकाने मान डोलवायचो. जगभरच्या लोकांचे फोन त्याला चुगली करतात म्हणून कळतं, आणि त्या लोकांत मीही आहे, एवढा साधा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही.

त्याच सुमारास बाई आल्या होत्या. या बाईंनी मला शाळेत शिकवलेलं. शब्द नीट उच्चारला नाही तर बाकावर उभं करायच्या. आता निवृत्त, एकट्या राहतात, आणि त्यांची वरची-खालची पूर्ण कवळी मी केलेली. ही गोष्ट जगात फक्त त्यांना, डॉक्टरांना आणि मला ठाऊक. त्या दिवशी कवळी सैल झाली म्हणून आल्या, आणि काम झाल्यावरही बाकावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या की वाचनालयात एका निवृत्त पोस्टमास्तरांशी ओळख झाली आहे, अजून फोनवर बोलणं नाही, पण दोघांचं जमतंय, कदाचित लग्नही करू. या वयात लोक हसतील, हसू देत. फक्त एक गोष्ट मास्तरांना सांगायची राहिलीय. ती लग्नाआधी सांगणार, पण अजून धीर होत नाही. एवढं बोलून त्यांनी तोंडावर हात धरला आणि शाळकरी मुलीसारख्या हसल्या. मी म्हटलं, बाई, माझ्याकडून निश्चिंत असा. अगदी छातीवर हात ठेवून म्हटलं.

माझ्या फोनमध्ये त्यांचं नाव होतं ‘शाळेच्या बाई पूर्ण कवळी’. काय करणार? माझ्या ओळखीत काकूच काकू, दादाच दादा. कोणता दादा ते कळायला मी नावापुढे काम लिहायचो. ‘दूधवाला खालची’, ‘घरमालक दाढा’, ‘वकील पुढचे दोन खोटे’.

पहिला भडका वकिलांचाच उडाला. ते पडदा बाजूला न करता फाडतच आत आले म्हणायला हरकत नाही. त्यांनी विरुद्ध पक्षाच्या वकिलाला पहिल्यांदाच फोन केला होता, आणि त्याच्याकडेही तेच ॲप असल्याने त्याच्या फोनवर यांचं नाव आलं ते माझ्या शब्दांत, जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशी कोर्टात तो वकील यांच्या तोंडाकडेच पाहत होता आणि यांना उलटतपासणीत ‘स्स’ म्हणायचीही चोरी झाली. मी गयावया केली, फोन दाखवला. आतून बायको आली. तिने ॲपच्या अटी उघडल्या आणि उभ्याउभ्या वाचल्या. मग ती शांतपणे म्हणाली, “या ॲपवाल्यांनी तुमची सगळी यादी उचलून नेलीय आणि गावाला वाटलीय. अहो, फुकट देतोय म्हणजे तो खातो काय, एवढं तरी विचारायचं.”

मी ॲप तिथल्या तिथे काढून टाकलं. बायको म्हणाली, चोराला घराबाहेर काढलं म्हणून भांडी परत येत नाहीत. तिने ॲपवाल्यांना यादी पुसायला लावणारा अर्ज शोधून भरला. उत्तर आलं की विनंती मिळाली, वेळ लागेल. वकील जाता जाता म्हणाले की वेळ त्यांनाही लागेल, मला माफ करायला.

तेव्हा मला बाई आठवल्या आणि दातखिळी बसली. जाऊन सांगायला हवं होतं. मी चपला घातल्याही, पण दारातून परत फिरलो. मनाशी म्हटलं, मास्तर जुन्या वळणाचे, त्यांच्याकडे कुठलं आलंय ॲप. म्हटलं, नाव पुसलं जाईलच. आपण होऊन सांगणं म्हणजे आ बैल मुझे मार. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला म्हणी फार वेळेवर सुचतात.

नवं ॲप बायकोने निवडलं. भाजी निवडावी तसं निवडलं, एकेक पान उलटं करून. जे नावांची यादी मागेल ते बाद. फोन अडवायला याला माझं राहण्याचं ठिकाण कशाला हवं, म्हणून आणखी काही बाद. जाहिराती दाखवणारं बाद, खातं उघडायला लावणारं बाद. शेवटी एक अगदी साधं, रंगरूप नसलेलं ॲप उरलं. ते काही हौशी लोकांनी मिळून केलेलं, आतली रचना कोणालाही तपासायला खुली, खर्च देणग्यांवर. त्याला इंटरनेटची परवानगीच नव्हती, म्हणजे चोरायचं ठरवलं तरी नेणार कुठून? अडवायच्या नंबरांची यादी आपल्याच फोनमध्ये, आपण भरू तशी. मी म्हटलं, मग हे अनोळखी माणसाचं नाव सांगणार नाही? ती म्हणाली, नाही. अनोळखी माणूस अनोळखीच राहील, आणि आपणही त्याला. मला ते पटलं.

इथे थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण पश्चात्ताप झालेल्या माणसाला आवरणं कठीण असतं. बैल गेल्यावर झोपा करायचाच, तर चांगला मजबूत करावा, म्हणून मी एका दुपारी बसून फोनमधली सगळी गिऱ्हाइकं पुसून टाकली. दूधवाला, घरमालक, बाई, सगळी. उरली बायको, मेव्हणा आणि प्लॅस्टरचा दुकानदार. मग त्या ॲपमध्ये सगळ्यांत कडक बटण दिसलं, ‘ओळखीचे सोडून सगळे अडवा’. तेही दाबलं.

काय शांतता पसरली म्हणता! प्लॅस्टर निवांत सुकायचं, बुडबुडे शहाण्यासारखे वर यायचे. मी दोनदा बायकोला म्हणालो की आजकाल लोकांच्या कवळ्या मोडेनाशा झाल्यात, माझा हातच बसलाय. ती करारनामे टाइप करण्यात गुंतली होती, म्हणून तिने नुसतं हं म्हटलं.

मग एका सकाळी बाई दारात उभ्या. नवी कोरी साडी, तोंडावर रुमाल दाबलेला. सोबत पोस्टमास्तर, इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांचं पाकीट. दोघं लग्नाची नोंद करायला निघाले होते. मास्तर पडद्याबाहेर बाकावर बसले. बाई आत आल्या आणि रुमालातून वरची कवळी काढून माझ्या हातावर ठेवली. धुताना बेसिनमध्ये पडून मधोमध दोन तुकडे झाले होते. सकाळपासून मला फोन करत होत्या म्हणे. अर्धीच रिंग वाजायची आणि फोन कट व्हायचा. त्यांना वाटलं, मी त्यांचं नाव पाहूनच कापतोय, काहीतरी चुकलं असेल आपलं. मास्तरांना सांगितलंय की दाढ दुखतेय. शब्द तोंडातून पोकळ येत होते. ज्यांनी मला प्रत्येक अक्षरासाठी बाकावर उभं केलं, त्यांचे.

मी काही बोलायच्या आत त्यांनी रुमाल घडी करून कमरेला खोचला, पडदा सरकवला आणि मास्तरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“मास्तर, आधीच सांगायला हवं होतं. माझे दात माझे नाहीत. एकही नाही.”

मास्तर उठून उभे राहिले. चेहरा इतका प्रेमळ, की मला पुढचं कळलंच. ते म्हणाले, “मला ठाऊक आहे. तुम्ही पहिला फोन केलात ना, तेव्हाच माझ्या फोनवर नावासोबत आलं होतं. मी कधी बोललो नाही. पोस्टकार्ड उघडंच असतं, पण आम्ही वाचत नसतो.”

बिचाऱ्यांना वाटलं, आपण बाईंचं ओझं उतरवलं. बाई मात्र वळल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. गावात हे लिहू शकेल असा माणूस एकच होता, आणि तो हातात त्यांची अर्धी कवळी घेऊन उभा होता. मी म्हटलं, मीच लिहिलं होतं बाई, माझ्यापुरतं, ते ॲपने नेलं. आणि मला हे कधीचं कळलं होतं, तरी सांगायला आलो नाही.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“अरे, हे वाक्य मी रोज आरशासमोर म्हणत होते,” त्या म्हणाल्या. “दात काढून ठेवून म्हणत होते, म्हणजे वेळ आली की जमेल. माझं एवढंच एक सांगायचं राहिलं होतं. तेही तू माझ्याआधी सांगून टाकलंस.”

यावर मला एकही म्हण सुचली नाही. मी खाली मान घालून तुकडे जुळवले, मेणाने टाचले, आतून प्लॅस्टर भरलं, चीर कोरून गुलाबी मसाला घातला आणि गरम पाण्यात ठेवलं. दोघं बाकावर शेजारी बसून होते. मास्तरांनी त्यांना पाण्याचा पेला दिला, त्यांनी तो हातात धरून ठेवला. काम झालं. बाईंनी कवळी बसवली, आरशात पाहिलं, दोन-चार शब्द हळू म्हणून बघितले. स्वच्छ आले. निघताना दारात थांबून त्या म्हणाल्या, “माझा नंबर फोनमध्ये ठेवू नकोस. टोचलं तर मीच फोन करीन.”

लग्न झालं, असं मेव्हण्याकडून कळलं. बायकोने ते कडक बटण काढलं. आता यादीत टाकलेले नंबर अडतात, बाकी सगळे वाजतात. बाईंचा नंबर मी ठेवलेला नाही, म्हणून येईल तो प्रत्येक अनोळखी फोन उचलतो, हात प्लॅस्टरमध्ये असले तरी. कर्ज हवंय का, विचारतात. नको म्हणतो, सभ्यपणे. जोडलेली कवळी सहसा पहिल्या आठवड्यातच कुठेतरी टोचते, सगळ्यांच्या हातची टोचते, फक्त माझ्या हातची टोचत नाही, हे मीच गावभर सांगितलेलं. आठवडा होऊन गेला. आता रोज सकाळी मोटर सुरू करताना मनात येतं की ही एक तरी टोचावी, फार नको, फोन करावासा वाटेल एवढीच.