दवानं भिजलेला तंबू

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात यांच्याबरोबर मी जमीनमोजणीच्या फिरतीवर गेले. कल्याणच्या पुढं माळावर मुक्काम होता. निघायच्या दिवशी सकाळी दवानं चिंब झालेला तंबू गाडीत चढवला, तसे म्हातारे गाडीवान बैलांच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "रावसाहेब, तंबू उतरवा. भिजून दुप्पट जड झालाय."

"बैल ओढणार नाहीत?" यांनी विचारलं.

"ओढतील. पन नदीच्या उतारावर गाडी त्यांच्या अंगावर येल, तवा थोपवतील कशी?"

यांनी तंबू उतरवून गवतावर पसरला. उन्हात पांढऱ्या कापडातून वाफ निघू लागली. ते वाळेपर्यंत करायला काहीच नव्हतं. ठाण्याच्या घरी वडीलधाऱ्यांसमोर हे दिवसाउजेडी माझ्याशी बोलत नसत. इथं मात्र शेजारी येऊन बसले आणि लहानपणी आंब्यावरून कसे पडले, ते सांगू लागले. बैल रवंथ करत होते. मला पेंग येत होती, पण डोळे मिटवत नव्हते.

दुपारी तंबू पुन्हा चढवला. बैलांनी पाय रोवत, सावकाश गाडी उतारावरून खाली नेली. पुढच्या मुक्कामाला पोचायला फार उशीर झाला. मला त्याचं काहीच वाटलं नाही.