चिंच झोडणारी

दर उन्हाळ्यात गडमुडशिंगीहून ती आमच्या परसातली चिंच झोडायला येते. नाव मी कधी विचारलं नाही आणि ती सांगायला थांबली नाही. चहासुद्धा ती फिरत फिरत पिते. म्हणते, "बसलं की अंगाला मुंग्या येत्यात बगा, आज्जी."

यंदा तिचा पहिलाच तडाखा ढोलीजवळ बसला. दिवसा झोपणारी, रात्री फांद्यांवरून हिंडणारी झाडउंदरीण भर दुपारी बाहेर आली. अंगठ्याएवढा जीव, पोटाला पिलं लोंबकळत होती. भिंतीवर कावळे टपलेच होते. तरी पिलं सोडली नाहीत तिनं. नाहीतर मी! नवी सून असताना उंदीर दिसला की बाळाला पाळण्यात सोडून आधी अंगणात पोचायचे.

ही बाई मात्र कट्ट्यावर चढली. लांब काठी तिनं डोक्यावर आडवी धरली, एक टोक चिंचेला, दुसरं शेजारच्या आंब्याला, आणि चक्क गप्प उभी राहिली. उंदरीण शेपटीचा वेढा देत देत काठीवरून आंब्यात शिरली.

उंदरीण पानांत दिसेनाशी झाली, तरी बाईची काठी खाली येईना.

"अगं, गेली की ती. ठेव आता."

"माघारी आली तर? एकादं पिल्लू ऱ्हायलं असंल की ढोलीत."