चमचासुद्धा गेला नाही

माझ्या सख्ख्या मुलाने मला हाकलून दिलं, तेव्हा माझ्या अंगात लोखंडी चिलखत होतं, डोक्यावर शिंगं होती आणि हातात एक मेलेला मासा होता. वय वर्षं एकसष्ट.

(शिंगं मी हौसेने घेतली नव्हती. मोबाइलवर बोट भलतीकडे पडलं आणि ती उगवली. नंतर काही केल्या जाईनात.)

महाडच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. लोक भिंतीवर पोरांची उंची मापतात, आमच्या दुकानाच्या भिंतीवर सावित्री नदीच्या पुराच्या रेषा आहेत. पहिल्या पायरीला पाणी लागलं की माल बांधायचा, दुसऱ्या पायरीला लागलं की विचार न करता माळ्यावर चढवायचा. हे आम्हाला कुणी शिकवत नाही. बहुधा बारशालाच कानात सांगत असावेत.

चार वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुरात मी एकट्याने सगळं दुकान माळ्यावर नेलं. पातेली, पराती, कुकर, डबे, झारे! पाणी ओसरल्यावर बघायला येईल त्याला मी दारात उभा राहून सांगायचो, "भिंत बघा, कुठवर चढलं होतं! पण चमचासुद्धा गेला नाही आमचा!" लोक तोंडात बोट घालायचे. मला तर वाटत होतं, चौकात माझा पुतळाच बसवतील.

माझ्यामागे, आतल्या खोलीत, आमचा मंदार फडक्याने कॉम्प्युटरमधला चिखल काढत बसला होता. शेवटी तो म्हणाला, "बाबा, माझा कॉम्प्युटर गेला. तीन वर्षांचं काम होतं त्यात."

मी म्हटलं, "जाऊ दे रे. खेळणंच ते! नवीन घेऊ."

एवढंच बोललो. आवाजसुद्धा चढवला नव्हता. मंदार दुसऱ्या दिवशी एसटीने पुण्याला गेला तो गेलाच. नोकरी लागली, घर घेतलं, सगळं आईच्या फोनवर. माझ्या फोनवर कर्जवाल्या बँकांच्या मुली तेवढ्या प्रेमाने विचारपूस करतात.

चार वर्षं मी ताठ राहिलो. बाप आहे मी! मग एका रविवारी आमची सौ., सुमन, म्हणाली, "आता तर रविवारी माझाही फोन घेत नाही. दुपारभर त्या ऑनलाइन गेममध्ये असतो म्हणे. सगळे एकत्र येऊन खेळतात, तिथेच गप्पा मारतात."

"मग आपल्याला जाता येतं का तिथे?"

"तुम्हाला रिमोटवर बातम्या लावता येत नाहीत!"

हे ती बोलली नसती तर मी गेलो नसतो. पुण्याला जाऊन बेल वाजवली असती तर दार उघडेल याची खात्री नव्हती. इथे दार उघडं होतं. मोबाइलवर गेम उतरवला. नाव विचारलं. खरं नाव दिलं तर चिरंजीव पळ काढणार! समोर काउंटरवर तपेलं होतं, तेच दिलं टाकून. झालो मी तपेलं.

पहिल्या दिवशी मला कोंबडीने मारलं. राक्षस नाही, वाघ नाही, साधी तांबडी कोंबडी! उठलो की मारायची. मी रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक योद्ध्याला लिहून विचारलं, "नमस्कार. कुठले तुम्ही?" कुणी उत्तर देईना. महाडात एवढं विचारलं तर समोरचा मामाच्या गावापर्यंत सगळं सांगतो. इथे एकाने माझ्यावर आगीचा गोळा टाकला.

इतक्यात कानात बाईचा आवाज आला. "अरे तपेल्या, कोंबडीच्या नादी कशाला लागतोस रे? ती नाय सोडायची तुला!"

समोर हे धिप्पाड पात्र उभं. डोक्यावर नाव: रानडुक्कर. मी लिहिलं, "कुठल्या तुम्ही?"

"मी वनिता. म्हायेर पोलादपूरच्या वर, डोंगरात. आता बिरवाडीत ऱ्हाते, नवरा कारखान्यात हाय. नाव रानडुक्कर का म्हायतीये? आमचं भात दर वर्साला त्यानीच खाल्लं. म्हटलं इथं तरी आपन डुक्कर होऊ, नि दुसऱ्याचं खाऊ!"

दिलखुलास बाई! कुकर लावायचा, तीन शिट्ट्या होईपर्यंत दोन राक्षस मारायचे, गॅस बंद करायचा, असा तिचा खाक्या. तिने मला तलवार धरायला शिकवली, पळायला शिकवलं (मला तेच जास्त जमलं) आणि मासे पकडायला शिकवलं. खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली! लहानपणी तुडीलला आत्याकडे गळ टाकून बसायचो, तसा मी त्या खोट्या नदीवर बसायला लागलो. मासा लागला की गल्ल्यावर बसल्या बसल्या ओरडायचो. एक गिऱ्हाईक कढई खाली ठेवून निघून गेलं.

सुमन म्हणायची, "बाजारातून चार बांगडे आणायला सांगितलं तर गुडघे दुखतात. आणि इथे टोपलीभर!"

वनिताचा नियम एकच. "तपेल्या, कायबी वस्तू खाली जमिनीवर ठेवायची नाय. काय समजलास?"

समजलो. मला वाटलं, स्वच्छतेचं सांगते आहे.

मग तिने मला तिच्या गिल्डमध्ये नेलं. गिल्ड म्हणजे आपलं मंडळच. अध्यक्ष असतो, खजिना असतो, रुसवेफुगवे असतात. सुमनने आपल्या लेकाकडून गिल्डचं नाव काढून आणलं होतं, त्यामुळे मी टपूनच होतो. नाव होतं 'सावित्रीकाठ'. गावाला यायला सवड नाही, आणि मंडळाला नाव आमच्या नदीचं! अध्यक्ष अर्थातच मंदार.

"नवीन का रे तू?" मंदारचा आवाज अगदी कानात आला. "तपेलं! काय नाव आहे!" तो हसला. "ये, बस. जेवलास का?"

चार वर्षांनी मुलाने मला विचारलं, जेवलास का. मी गल्ल्यावर बसून होतो, डोळ्यांना धारा. पितळेच्या पॉलिशचा वास गेला डोळ्यांत, असं मी सुमनला सांगितलं.

"अरे, माईक उघड की!" वनिता म्हणाली. "मुका हायस काय?"

माईक उघडला असता तर मंदारने आवाज ओळखला असता. मी लिहिलं, "खराब आहे." आणि जेवलो नसताना लिहिलं, "हो, जेवलो."

तीन महिने मी दर रविवारी दुपारी मुलाबरोबर होतो. तो मला सांभाळून घ्यायचा, पुढे राक्षस असला की म्हणायचा, "तपेलं, माझ्यामागे रहा." गिल्डचं गोदाम मी लावून दिलं: ढाली मोठी, मधली, लहान, बरण्या ओळीत. शेवटी भांडीवाला तो भांडीवाला! मंदार खूश. "तपेलं, तुझ्यासारखा व्यवस्थित माणूस पाहिला नाही रे!" त्याने मला गोदामाची किल्ली दिली. दुकानात तो माझ्या हाताखाली आठ वर्षं राबला, त्याला मी असं एकदाही म्हटल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी फार आठवून पाहिलं.

मला एकच गोष्ट खटकायची. गोदाम अगदी नदीकाठी! मी दोनदा लिहिलं, "गोदाम वर घ्या. पाण्याचा भरवसा नसतो." सगळे हसले. मंदार म्हणाला, "अरे, हा गेम आहे!"

गणपतीच्या सुट्टीत एका बड्या राक्षसाशी लढाई ठरली होती. वर्षभर जमवलेली हत्यारं, औषधं, चिलखतं, सगळं गोदामात. मंदारची स्वतःची पेटीही तिथेच. मी ठरवलं होतं, लढाई जिंकली की त्याच आनंदात माईक उघडायचा आणि म्हणायचं, "मंदार, मी बाबा."

त्याआधीच्या रविवारी सगळे डोंगरात सरावाला गेले. मी गोदामाच्या दारात मासे पकडत होतो. आणि पाऊस सुरू झाला. याआधी कधी पडला नव्हता. गेम बनवणाऱ्यांनी शोभेला म्हणून नवीनच घातला होता, हे मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच की नदी गढूळ झाली, फुगली आणि पाणी गोदामाच्या पहिल्या पायरीला लागलं.

मी लिहिलं, "पाणी वाढतंय." तिकडे लढाई चालू, कोण वाचतो! पाणी दुसऱ्या पायरीला लागलं.

माईक उघडून "मंदार, पूर!" एवढं ओरडलो असतो तर पाच सेकंदांत निकाल लागला असता. बोट माईकवर गेलंही होतं. पण आवाज ओळखून तो निघून गेला तर? मी बोट मागे घेतलं आणि माल उचलला.

सगळ्यात आधी मंदारची पेटी. मग औषधं, ढाली, भाले! पळत टेकडीवर जायचं, ठेवायचं, पळत खाली यायचं. इकडे खुर्चीत मला खरी धाप लागलेली. सुमन धावत आली. "अहो, काय होतंय? डॉक्टरांना बोलावू का?"

"बाजूला हो! दुसऱ्या पायरीला लागलंय!"

ती बिचारी सवयीने पिठाचा डबा घेऊन माळ्याच्या शिडीवर चढली. दोन पायऱ्या चढल्यावर तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. लख्ख ऊन. उतरली, आणि मला जे बोलली ते इथे लिहीत नाही.

तिकडे टेकडीवर चार अनोळखी योद्धे येऊन उभे राहिले. एकाने विचारलं, "हे सगळं असंच ठेवलंय?"

मला गहिवरून आलं. पुरात कुणी कुणाला नाव विचारत नाही, दिसेल तो हात लावतो. मी लिहिलं, "हो हो, उचला! पटापट उचला! अजून वर न्या!"

त्यांनी उचललं. पटापट! एकाने मंदारची पेटीच खांद्यावर घेतली. आणखी दहा जण आले, त्यांनाही मी हाका मारून बोलावलं. शेवटची खेप त्यांच्या हवाली केली आणि लिहिलं, "देव तुमचं भलं करो." ते म्हणाले, "थँक्यू काका!"

लिहिण्यावरून त्यांनी मला काका ओळखलं. पोटच्या पोराला तीन महिने पत्ता नव्हता.

पाऊस थांबला. पाणी दुसऱ्या पायरीवरच होतं; त्याच्या वर चढणारच नव्हतं, चित्रातलं पाणी ते. मंडळी परतली.

"तपेलं," मंदार म्हणाला, "गोदामातला माल कुठंय?"

मी ऐटीत लिहिलं, "पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं. सगळं वर नेलं आहे. काळजी नसावी."

 वनिता ओरडली, "अरे मेल्या! जमिनीवर ठेवलास? जमिनीवर ठेवलं की जो उचलील त्याचं! सांगितलं नव्हतं तुला?"

पण मंदार ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "दुसरी पायरी... बाबा?"

मी माईक उघडला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"हो."

"अगो बाय!" वनिता म्हणाली. "बापूस हाय?"

"बाबा, माझी पेटी?"

"सगळ्यात आधी तीच काढली रे!" मी म्हटलं. "गेल्या वेळी राहिली होती ना. म्हणून या वेळी पहिली तीच."

 वनिताच्या कुकरची शिट्टी झाली.

मग मंदार म्हणाला, "कॉम्प्युटर राहिला याचा राग नव्हता मला, बाबा. घाईत राहतं माणसाचं. पण मी आत चिखल काढत होतो आणि तुम्ही दारात उभे राहून लोकांना चमचे सांगत होतात."

मी काउंटरवरची पातेली उगाच सरळ केली. 

"गोदामात काही उरलंय का बघा," तो म्हणाला.

मी बघितलं. माझ्या पिशवीतली शेवटची जागा त्या माशाने अडवली होती, त्यामुळे एक वस्तू मागे राहून गेली होती.

"काय आहे?"

"चमचा," मी म्हटलं.

"वा," तो म्हणाला. "म्हणजे चमचासुद्धा गेला नाही. सांगा आता लोकांना."

आणि 'तपेलं यांना गिल्डमधून काढण्यात आले आहे' अशी पाटी आली. मी मासा घेऊन नदीकाठी उभा.

गणपतीत मंदार आला नाही. राक्षसाशी लढाईही झाली नाही, लढणार कशाने! वनिता मात्र अजून भेटते. "काका, पोरगा हाय तो, निवल राग त्याचा. थांबा जरा," म्हणते, आणि मी मासे पकडत थांबतो.

गेल्या रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. सुमनचा फोन वाजला. "हो रे... हो, बसलेत जेवायला... अरे, मग विचार की त्यांनाच! समोरच आहेत."

माझा घास हातातच राहिला. तो विचारत होता, बाबा जेवले का! मी घास खाली ठेवला, पाणी प्यायलो, घसा साफ केला. नुसतं 'हो' म्हणायचं नाही, नीट काहीतरी बोलायचं. शब्द जुळवले आणि मोठ्याने म्हटलं, "जेवतोय रे मंदार! तू जेवलास का?"

सुमनने फोन जमिनीवर ठेवला.

"कधीच ठेवला त्याने," ती म्हणाली. "तुमचा माईक उघडेपर्यंत पोरगं थांबणार तरी किती?"

मी आमटी ढवळत बसलो. चमचे आमच्याकडे भरपूर आहेत हो. एकही गेलेला नाही.