ओव्याची धुरी

एम्फिसीमा आहे असं कळलं तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. सिगारेटला कधी हात लावला नव्हता. जन्मापासूनच शरीरात काहीतरी कमी आहे, त्यामुळे फुफ्फुसं लवकर झिजली, असं डॉक्टर म्हणाले. तीन महिन्यांनी पुन्हा श्वास मोजायच्या नळीत फुंकायचं होतं. आकडा घसरला तर नोकरी सोडायची. माणिकपूरचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

मी त्याच दिवशी वही केली. पंप किती वाजता, जिन्यात कुठे थांबले, किती वेळ, दर तासाला काय केलं. रिक्षा स्टँडपासून टेकायच्या जागा हेरून ठेवल्या. नुसतं बसणं जमत नसे. बसलं की श्वास मोजत राही. सगळं वेळेवर चाललं होतं, तरी दुसऱ्या महिन्यात जिन्यातले थांबे तिनाचे पाच झाले.

वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी पानं चाळली.

"घरात चूल आहे?"

"नाही, गॅस आहे."

"उदबत्ती, डासांची कॉइल?"

"दोन्ही बंद केल्यात."

"संध्याकाळी सहा ते सात रोज कोरं कसं?"

"तेव्हा सासूबाई धुरी देतात. निखाऱ्यावर ओवा टाकून, डोक्यावरून चादर घेऊन. छाती मोकळी व्हायला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. धुरी औषधात धरत नाहीत, म्हणून मी ती लिहिलीच नव्हती.

घरी पोचले तर सासूबाई घरामागच्या वाडीत शेगडीला वारा घालत होत्या.

"आई, धुरी बंद करायला सांगितलीय."

"कोनी? त्या पोरानं?"

"डॉक्टर आहेत ते."

"माजी चार पोरं या धुरीवर वाढली. तुज्या नवऱ्याला बघ, रेड्यासारखा आहे."

"त्यांची छाती धड आहे. माझी फाटलीय."

त्या पंखा हातात धरून थांबल्या. "मंजे दोन महिने मीच..."

"मीही चादर घेऊन बसत होतेच की."

त्यांनी तांब्याभर पाणी निखाऱ्यांवर ओतलं. भसकन धूर उठला, मी खोकायला लागले, आणि त्याच मला दंडाला धरून घरात ढकलू लागल्या. "आत हो, बाय, आत हो."

तिसऱ्या महिन्यात आकडा तेवढाच आला. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, पण नोकरी चालू ठेवा. संध्याकाळी सहाला मी घरी सांगितलं. सासूबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग म्हणाल्या, "आता या वक्ताला मी काय करू, ते सांग."