कोंबड्याची मान

शाळेत मी दरवर्षी शिकवते: उन्हातली ऊर्जा धानात, धानातून कोंबड्यात, कोंबड्यातून माणसात. प्रत्येक पायरीवर जेमतेम दहावा हिस्सा पुढे सरकतो, बाकी सगळी जगण्याच्या खटाटोपात खर्च होते. शिकवताना मला माहेरचं, बालाघाटचं स्वयंपाकघर दिसतं. आई वर्षभर कनकी, म्हणजे तांदळाचा चुरा, आणि कुंपणाची वाळवी खाऊ घालून एक कोंबडा पोसते. दिवाळीनंतर आम्ही तुमसरहून गेलो की तो कापला जातो. दोन्ही टांगा जावयाला, मग बाबा, मग भाऊ, आणि शेवटी आईच्या वाट्याला मान.

"मले मानच आवडते," ती म्हणायची. असं म्हणणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्यात. माझं डोकं फिरायचं.

यंदा ठरवलं, काही झालं तरी एक टांग आईच्या पोटात गेली पाहिजे. वाटेतलं कटंगी गाव यायच्या आत बसमध्येच नवऱ्याला तंबी दिली.

जेवताना त्याने ताटावर हात आडवा धरला. "एक पुरे, आई." आईचा डाव लगेच बाबांकडे वळला. बाबांनी कवळीचं कारण सांगून भावाकडे बोट दाखवलं. भावाने माझे डोळे पाहिले आणि टांग मुकाट पातेल्यात परत गेली. मी ती वाटीत झाकून ठेवली. मान मात्र पातेल्यात राहिली तर आई तीच घेईल, म्हणून ती दारातल्या बोक्याला टाकली.

पुरुष उठले, आई बसली. मी टांग तिच्या ताटात ठेवली. मला भरून आलं होतं. "खा," म्हटलं.

"मले काहून व?" म्हणत तिने एक घास तोडला. बराच वेळ चावला.

"नुसता कापूस लागते. काय गोडी आहे तुम्हा लोकायले याची? माही मान कुठी आहे?"

मी दाराकडे पाहिलं. बोका मिशा चाटत होता.

"त्याले देली? सालभर पोसू मी, अन् मान खाईन तो?"

तिने रश्शात भात कालवला आणि माझ्याकडे पाठ करून जेवली. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. टांग शेवटी नवऱ्यानेच संपवली.

निघताना आई बसपर्यंत आली. पिशवीत पोहे दिले, जावयाला "पुन्हा या" म्हणाली, मग माझ्याकडे वळली.

"पुढच्या साली टांगा कोणालेही वाट. पण मले जे आवडते म्हणते, ते खरंच आवडते, समजलं?"