नाव नसलेलं बटण

आमच्या इमारतीत अशी बोलवा आहे की माझी आत्या रोज दुपारी बंद दवाखान्यात एका पुरुषाला भेटते. खालच्या काकू हे सांगताना आधी जिन्याच्या दोन्ही बाजूंना बघतात आणि आवाज इतका खाली आणतात, की तो तिसऱ्या मजल्यावर नीट ऐकू जातो. "शटर अर्धं ओढलेलं असतं गं. आतून त्याचा आवाज येतो. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. आपल्याला काय करायचंय म्हणा." काकूंची ही नक्कल मी घरी केली तेव्हा बाबांना ठसका लागला. आत्या जेवत होती, ती जेवत राहिली.

तर, आवाज पुरुषाचा आहे हे खरं. पुरुष नाही.

आत्या दातांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसते. एक ते चार दवाखाना बंद असतो, तेव्हा ती घरी न येता तिथल्याच कॉम्प्युटरवर वेबसाइट आणि ब्लॉग बनवायच्या एका सॉफ्टवेअरचं काम करते. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याचा कोड कुणीही उघडून बघावा, सुधारावा. ठिकठिकाणचे चाळीसेक लोक सवडीने ते सांभाळतात आणि एकमेकांना कधीच भेटलेले नाहीत. काकूंना ऐकू येतो तो आवाज स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असतो तो. माझ्या नकलांमधला सगळ्यात सोपा, कारण त्याला कशाचंच काही वाटत नाही. "बटण. बटण. नाव नसलेलं बटण."

अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांना दवाखान्याच्या वेळा टाकायला वेबसाइट हवी होती. ती बनवताना आत्याला एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर टाइप करायच्या चौकटीत, एक चूक सापडली. तिने ती कळवली. उत्तर आलं, आभारी आहोत, दुरुस्त करून पाठवा. आत्याला तेव्हा कोड कशाशी खातात हेही माहीत नव्हतं, पण सांगितलंय तर करायला हवं, असा तिचा स्वभाव. तीन महिने लागले. मग एडिटर सांभाळणारे एकेक करून गळले. एकाला मोठी नोकरी लागली, एकीला जुळं झालं, एक नुसताच यायचा थांबला. एडिटर आत्याच्या गळ्यात पडला तो पडलाच.

यंदा नवा एडिटर आला. देखणा, सगळीकडे छोटी छोटी चित्रं. महिन्याच्या ऑनलाइन बैठकीत मुकादमाने (बैठक चालवणाऱ्याचं हे नाव आत्याने ठेवलंय) घसा खाकरला. "मंडळी, माझा आवाज येतोय ना? येतोय? बरं. तर जुन्याचं ओझं आपण किती दिवस वाहायचं?" वाहत एकटी आत्याच होती, पण हे कुणी बोललं नाही.

त्यांचा एक नियम आहे. एखादा भाग काढायचा असला की चौदा दिवस तसं जाहीर करून ठेवायचं. तेवढ्या दिवसांत कुणीही सकारण एकदा 'नाही' म्हटलं, तर तो भाग राहतो. कुणी नाही बोललं, तर ज्याने तो सांभाळला त्यानेच आपल्या हाताने काढायचा. मुकादमाने जुन्या एडिटरचं तसं जाहीर केलं आणि आत्याला विचारलं, ऐकलं ना? ती म्हणाली, ऐकलं.

आता टायपिंगच्या बाई, आत्याचा एडिटर वापरणाऱ्यांपैकी एक. यांनी पस्तीस वर्षं टायपिंग शिकवलं, मग नजर गेली. खिडकीतून जो रस्ता ऐकू येतो त्यावर त्या रोज सकाळी एक परिच्छेद लिहून ब्लॉगवर टाकतात. जुन्या एडिटरमध्ये त्यांचं छान चालायचं. नव्यात एकशे सहा बटणं, आणि बनवणाऱ्यांनी चित्रं इतकी सुबक काढली होती की त्यांना नावं द्यायची राहूनच गेली. प्रोग्रॅम बिचारा वाचणार काय? जुना गेला की बाईंचं लिहिणं बंद.

मी आत्याला म्हटलं, एक शब्द टाइप कर, 'नाही', संपलं.

"नाही म्हटलं तर जुना राहील," ती म्हणाली. "सांभाळणारी मी एकटी. मला कंटाळा आला की बाई बंद." मग थोड्या वेळाने, त्याच आवाजात, "आणि कंटाळा आलाय."

तिने नावं द्यायला घेतली. रोज दुपारी आठ-नऊ बटणं. नाव द्यायचं, डोळे मिटायचे, आवाजाकडून वाचून घ्यायचं. एका बटणाला 'बंद करा' म्हणावं की 'मागे जा' यावर चार जण दोन दिवस भांडले. एक बटण काय करतं ते कुणालाच सांगता येईना, ज्याने बनवलं त्यालाही नाही. ते काढूनच टाकलं.

तेराव्या दिवशी मी आत्याला म्हणाले, "तुझ्याच्याने जुना काढवणार नाही. लाव पैज." अकरा वर्षांचं काम होतं तिचं. मी जिंकले तर आठवडाभर तिने दुपारी घरी येऊन झोपायचं. ती जिंकली तर आठवडाभर लोकांच्या तक्रारींना मी उत्तरं द्यायची, टोमणे न मारता.

चौदाव्या दिवशी बाईंनी नव्या एडिटरमध्ये परिच्छेद लिहिला आणि खाली कळवलं, "चाललं. जरा हळू, पण चाललं." आत्याने ते दोनदा वाचलं. मग जुन्याच्या कोडची यादी उघडली. नऊ हजार ओळी, सगळ्या लाल, म्हणजे पुसल्या जाणार. मी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बसले होते, नंतर नक्कल करता यावी म्हणून. उचलण्यासारखं काही नव्हतंच. तिने बटण दाबलं.

"काढून टाकलं," तो आवाज म्हणाला.

मुकादमाने फुग्यांचं चित्र पाठवलं. आत्याने शटर वर केलं, बाहेर एक माणूस गाल धरून उभा होता.

"काही वाटलं?" मी विचारलं.

"अजून नाही."

दुसऱ्या दिवशी एक वाजता तिच्या खुर्चीत मी होते. समोर एकतीस तक्रारी. पहिलीच, "जुना एडिटर कुठल्या मूर्खाने काढला?" आत्या पेशंटच्या बाकावर पाय लांब करून पडली होती, डोळे मिटलेले.

"नमस्कार," मी टाइप केलं, "कळवल्याबद्दल आभारी आहोत."