ब्रश पोचत नाही ती रांग

मेरिलीने चौदा वर्षांच्या संसारात नवऱ्याचा शब्द कधी मोडला नव्हता. गाडीच्या काचांवरचं बर्फ खरवडायचा लांब दांड्याचा ब्रश तिचा नवरा ड्वेन स्वतःच्या सीटजवळच ठेवायचा. मागे मुलांचा गलका झाला, की मान न वळवता दांडा हाणायचा. गेल्या रविवारी चर्चला जाताना धाकट्या कोर्बिनचा ओठ फाटला. पोरगं रक्ताळलेल्या सदऱ्यानेच प्रार्थनेला बसलं.

शनिवारी दोघं प्रोव्हो शहरात सीटच्या तीन रांगा असलेली नवी गाडी घ्यायला गेली. ड्वेनला आखूड लाल गाडी आवडली; तो तिच्या स्टिअरिंगमागे जाऊन बसला. शेजारची लांबलचक करडी गाडी बघून तो हसला, "ही काय, शववाहिनी?"

मेरिलीने जुन्या गाडीतला ब्रश आणून त्याच्या हातात दिला आणि त्याच गाडीच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसली. "मार मला."

"वेड लागलं का तुला?"

"मुलांना मारतोस तसाच मार."

विक्रेत्यासमोर ड्वेनचं डोकं फिरलं. त्याने दांडा हाणला. मेरिलीच्या कानशिलातून रक्त आलं. ती उतरली आणि करड्या गाडीत तशीच मागे बसली. चिडलेला ड्वेनही ब्रश घेऊन तिच्या स्टिअरिंगमागे बसला. या वेळी दांडा मधल्या सीटवर आपटला, तिच्यापासून वीतभर अलीकडे.

"हीच घ्यायची. मुलं इथं बसतील."

"आणि तू?" ड्वेनने दात विचकले. "तू माझ्या शेजारीच बसशील ना?"

"बसेन की," मेरिलीने त्याच्या हातातून ब्रश ओढून घेतला. "हा माझ्या मांडीवर असेल."

रविवारी करड्या गाडीत चर्चपर्यंत ड्वेनचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.